आमच्या सहीचा वाटा

आमची सहावी पिढी माळव्यात नांदते आहे. शासकीय सेवेत असताना कर्जवसुलीच्या नोटिसांवर सह्या करणे हा आमचा नित्यक्रम होता. शेतकरी कूपनलिकेसाठी कर्ज काढी. भूजल खाली जाई. मग आणखी खोल कूपनलिका, आणखी कर्ज. हप्ता थकला की पहिली गदा येई ती मुलीच्या शाळेवर. १९९० साली देवास शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले, तरी आमची लेखणी थांबली नाही.

२००६ पासून त्याच देवास जिल्ह्यात शेततळ्यांची मोहीम सुरू झाली. जमिनीचा एक तुकडा सोडावा, तेथे पावसाचे पाणी अडवावे आणि रब्बीचे पीक त्यावर काढावे, हा साधा विचार. हजारो तळी झाली.

निवृत्तीनंतर तिकडे गेलो असता, पूर्वी आमची नोटीस मिळालेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने तळ्याकाठी चहा पाजला. नात सायकलवरून शाळेतून परतत होती. तो एवढेच म्हणाला, “साहेब, हिची आत्या पाचवीतच घरी बसली.”

चक्र त्याने तोडले. ते फिरविणाऱ्या हातांत आमचाही हात होता, हे लिहून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.