चाँदची कितवी?

आम्ही मिरकरवाड्याचे दालदी. शाळेत हा शब्द कुणी उच्चारला की आम्ही मान खाली घालायचो. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून शेजारी कुणी बसत नसे. तेव्हाच ठरवलं, शिकायचं आणि होडीत पाय ठेवायचा नाही. शिकलो, नोकरीला लागलो. काय गमावलं ते अब्बा गेल्यावर कळलं.

अब्बांना अक्षरओळख नव्हती, पण पाणी वाचता येई. फजरच्या नमाजानंतर विचारत, "आज चाँदची कितवी?" त्यांचे हिंदू भागीदार, आमचे काका, तिथी मोजत. अब्बांची तिसरी ती काकांची चतुर्थी. एखाद-दुसऱ्या दिवसाचाच फरक. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. भरती रोज पाऊण तासानं पुढं सरकते, तेच या हिशेबात आहे. अवस-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हिशेब दोन, भरती एकच.

बांगड्याचा थवा काळोख्या रात्री ओळखू येई. मासा हलला की पाणी चकाके. चांदण्यात ती चमक हरवते. म्हणून चांदण्या रात्री जाळं घरी आणि माशालाही उसंत. आता प्रखर एलईडी दिवे लावून मासा गोळा करतात. 2017 साली केंद्र सरकारनं त्यावर बंदी घातली. त्यानंतरही रात्री असे दिवे आम्ही पाहिले आहेत.

अम्मीचं ज्ञान किनाऱ्यावरचं. कल्ला उचलून लाली बघायची, डोळा आत गेलेला मासा परत टाकायची. बाळंतिणीच्या ताटात मोरी हवीच, हा तिचा हट्ट.

शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे. हैदराबादची संस्था उपग्रहावरून मासळीचा पट्टा कळवते. ते चांगलंच आहे. पण अब्बांना कुणी काही विचारलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

गेल्या सुट्टीत आखातातून आलेला मुलगा आम्हाला जेटीवर घेऊन गेला. म्हणाला, "भरती कधी?" आम्ही बोटांवर चाँद मोजला, वेळ सांगितली. तासाभरात पाणी पायरीला लागलं. तो खूश झाला. मग विचारलं, "दादांनी आज जाळं कुठं टाकलं असतं?"

आम्ही समुद्राकडं बघत राहिलो.