बंब, हॉट टब आणि न जुळणारा ट्रायल बॅलन्स

इंदूरच्या आपल्या रामबागेतल्या जुन्या लोकांना आमच्या वाड्यातला तांब्याचा बंब आठवत असेल. मधल्या नळीत गोवऱ्या नि कोळसे, भोवती पाणी, खाली पितळी तोटी. तो गळायला लागला की आमचे अण्णा आधी तो कोरडा पुसायचे, वरून राख भुरभुरायचे आणि राख कुठे भिजते ते बघत बसायचे. मगच कसेऱ्याकडे डाग लावायला न्यायचे. "नुसता गळतो म्हणून नेला तर तो नवा बंबच गळ्यात मारेल," म्हणायचे.

हे आठवायचं कारण गेला जानेवारी. आम्ही दोघं मुलाकडे मिनियापोलिसला होतो. त्यानं घरामागे हॉट टब बसवलाय, म्हणजे चार-पाच माणसं बसतील असा झाकणाचा हौदच. पाणी १०४ फॅरनहाइट, आपले ४० सेल्सिअस. त्याच्या वर तो जात नाही. हिचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. डॉक्टरांना विचारून ती रोज संध्याकाळी १५ मिनिटं त्यात बसायची. तीन आठवड्यांनी कठडा न धरता जिना उतरली. मी बघतच राहिलो.

आणि एका सकाळी टब बंद. बाहेर उणे १८. ब्रेकर पडलेला, उचलला की परत पडतो. (करंट जमिनीत गळला की पडणारा ब्रेकर, आपल्या ईएलसीबीसारखा.) तिथे प्रश्न नुसता पाणी गार होण्याचा नसतो. पंप थांबला तर पाइपातलं पाणी गोठतं, गोठलं की फुगतं आणि पाइप फोडतं. मेकॅनिक चार दिवसांनी येणार. मुलगा म्हणाला, "हीटर, बोर्ड, सगळंच बदलावं लागेल बहुतेक." मी स्वेटर चढवला तर म्हणे, "बाबा, तुम्ही राहू द्या. थंडी आहे."

ते "राहू द्या" मला लागलं. पण त्याचंही काय चुकलं? तो लहान होता तेव्हा मी झाबुआ, मंदसौर असा बदल्यांवर. घरचा गीझर बिघडला की ही नि तो मिळून मिस्त्री बोलवायचे. माझ्या हातात पाना त्यानं पाहिला कधी?

पण डिफरन्स शोधण्यात तर माझी नोकरी गेली! तेव्हा लेजर हातानं लिहायची, ३० जून नि ३१ डिसेंबरच्या क्लोजिंगला रात्री जागायच्या. फरकाला ९ नं भाग गेला तर कुणीतरी ५४ चे ४५ केलेत का ते आधी बघायचं. फरक सम असेल तर त्याची निम्मी रक्कम शोधायची, नावेची जमेला पडलेली असू शकते. आणि एकेक लेजर वेगळं काढून जुळवायचं. मी त्याला म्हटलं, "तसंच करू. एकेक खातं बाजूला काढू."

ब्रेकर पाडला, मीटरनं करंट नाही याची खात्री केली. (२४० व्होल्ट आणि शेजारी पाणी, इथे घाई करायची नाही.) बोर्डावरून हीटरच्या दोन्ही वायरी काढल्या, टोकांना टेप गुंडाळली नि ब्रेकर उचलला. पडला नाही! पंप फिरू लागला. म्हणजे पंप, बोर्ड सुटले, चोर हीटरमध्ये. मुख्य म्हणजे पाणी फिरतं राहिलं, गोठायची भीती तूर्त टळली.

ब्रेकर पाडून मुलानं हीटरच्या दोन टोकांवर मीटर लावला. साधारण साडेदहा ओहम. ५५०० वॅटच्या हीटरला तेवढाच यायला हवा. तो म्हणाला, "हा तर बरोबर आहे." मी म्हटलं, बेटा, ट्रायल बॅलन्स जुळला म्हणून वह्या बरोबर असतात असं नाही. रक्कम भलत्याच्या खात्यात गेली तरी बेरीज जुळते. एक टोक हीटरच्या धातूच्या नळीवर धर. तिथे मीटरनं काहीच दाखवायला नको होतं. दाखवलं! करंट तिथून गळत होता.

नवा हीटर दोन दिवसांनी आला. तोवर पाणी ७० वर उतरलं होतं. ब्रेकर पाडला, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले, नळीचे दोन मोठे नट सोडवले. ते माझ्या बोटांना हलेनात, त्यानंच फिरवले. मी बॅटरी धरली. जुन्या हीटरची कांडी पांढऱ्या खरानं माखलेली, एका जागी फुगून चिरलेली. नव्या रबरी रिंगा घालून बसवला, चालू केला, तर पडद्यावर पाणी वाहत नसल्याची खूण! माझं काळीजच हललं. बघतो तर एक व्हॉल्व्ह उघडायचा राहिलेला. तो माझ्याकडेच होता. मुलगा काही बोलला नाही, फक्त हसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ही आतून ओरडली, "अहो, आलं हो गरम!"

रात्री तो माझ्या खोलीत आला, हातात वही. "बाबा, ते ९ नं भाग जायचं काय होतं?" बारा वाजेपर्यंत बसलो होतो. अण्णांच्या बंबाचंही सांगितलं. त्यानं तो पाहिलेलाच नाही, आणि आमच्याकडे फोटोही नाही. ग्रुपमध्ये कुणाकडे बंबाचा असेल तर टाका, त्याला पाठवायचाय.