वरीलप्रमाणे

परदेशगमनाचा योग आमच्या घराण्यात कुणाच्याच पत्रिकेत नाही. आजोबा एकदा काशीला जाऊन आले, तीच आमची उत्तर सीमा. वडील हैदराबादला तीन दिवस राहून आले आणि पुढे वीस वर्षं 'तिकडच्या' लोकांबद्दल अधिकारवाणीने बोलत राहिले. मी स्वतः नागपूर विद्यापीठाचा बी.कॉम., राहणार गिरड, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा. एका बँकेत क्लार्क आहे. हल्ली आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, 'असोसिएट' म्हणतात. काउंटर तोच, रांगही तीच, आणि रांगेतल्या माणसाच्या लेखी मी अजूनही 'ओ भाऊ'च!

पण काळ बदलला आहे. मध्यमवर्गीयांची मुलं आता नुसती नोकरीसाठी परदेशी जात नाहीत, समाजसेवेसाठीही जातात. आमच्या शेजाऱ्यांची मुलगी ग्रीसला जाऊन निर्वासितांच्या मुलांना शिकवून आली. तिच्या आईने आम्हाला बोलावून फोटो दाखवले. शंभर तरी असतील. मुलं चार-पाच फोटोंत होती, समुद्र मात्र सगळ्या फोटोंत होता. घरी आल्यावर आमची ही एवढंच म्हणाली, "लोक कुठं कुठं जाऊन राहिले बाप्पा! अन् तुमी? उमरेड." समस्त उमरेडकरांनी क्षमा करावी, शब्द तिचे आहेत, मी फक्त नोंद घेतली.

त्याच आठवड्यात नागपूरच्या एका ओळखीच्या संस्थेतून विचारणा झाली. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात तिथले आईबाप गावोगाव स्वेटर विकायला जातात, मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारं कुणी पंधरा दिवसांसाठी मिळेल का? मी विचार केला : निर्वासितांची मुलं, परकी भाषा, परकं जेवण. परदेशात जे जे असतं ते सगळं इथे आहे. शिवाय एस.टी. जाते.

रजेचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो.

"कारण काय?"

"परदेशगमन."

"कुठं?"

"अर्जुनी मोरगाव."

साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि सही केली. विश्रांतीची गरज आहे, असं त्यांना वाटलं असावं.

उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा करीत निघालो. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेरघर. हिवाळ्यात तिथे पोस्टरांवरून नजर हटत नाही. पुढे धानाच्या कापलेल्या बांध्या, इटियाडोह धरणाचं पाणी, आणि मग एकाएकी झाडांमधून रंगीत पताका दिसू लागतात. लग्नघर असावं असं वाटतं. पण त्या प्रार्थनेच्या पताका. वाऱ्याने त्या हलल्या की त्यांवरची प्रार्थना आपोआप पसरते, असा समज आहे. आमच्या बँकेत कामं अशी आपोआप झाली असती, तर!

१९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार तिबेटी आले. ठिकठिकाणच्या राज्यांनी त्यांना जमिनी दिल्या. नोर्ग्येलिंग नावाची ही वसाहत १९७२ साली वसली. म्हणजे जगातल्या सगळ्यांत उंच पठारावर जव पिकवणाऱ्या माणसांना, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या मुलखात धान लावायला मिळालं. यात सरकारचा हेतू काही वाईट नव्हता. जिथे जागा होती तिथे पाठवलं. बँकेत बदल्या अशाच होतात. फरक इतकाच, की आम्ही तीन वर्षांत परतीचा अर्ज करतो.

तसा पाहुण्यांचा अनुभव महाराष्ट्राला नवा नव्हता. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले. त्यांत बायका-मुलंच फार. ती माणसं पाच वर्षांनी पुढे गेली. गोठणगावची मंडळी पन्नास वर्षांवर झाली, इथेच आहेत. उलट १९९९ साली भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि बसल्या जागी त्यांचा जिल्हा बदलून गोंदिया झाला. एकदा देश सुटला होता, आता जिल्हाही हातचा गेला. तरी तिबेटी मंडळी आपल्या वसाहतीला अजून 'भंडारा'च म्हणतात. सुटलेल्या गावाचं नाव सोडायचं नाही, याची त्यांना सवय असावी.

एक गंमत सांगतो. खऱ्या परदेशी पाहुण्याला या वसाहतीत राहायचं तर सरकारची खास परवानगी काढावी लागते. मला लागली नाही. म्हणजे कायद्याने मी परदेशात गेलोच नव्हतो. मी बिनपरवान्याचा, आणि जिथे पाहुणा म्हणून गेलो तिथले यजमान मात्र कागदावर परदेशी!

पहिल्या संध्याकाळी परकी भाषा ऐकायच्या तयारीने वर्गात शिरलो. पुढच्या बाकावरच्या पोराने विचारलं, "काहून जी, गिरडवरून आले का तुमी? एस.टी.नं का?" माझी निम्मी समाजसेवा तिथेच संपली. ही पोरं घरात तिबेटी, बाजारात मराठी, टीव्हीसमोर हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी बोलतात. मी बी.कॉम. असूनही यातल्या अडीच भाषा जेमतेम.

मला ती 'गेन-ला' म्हणू लागली. गेन म्हणजे गुरुजी आणि 'ला' हा आदराचा. फोनवर हिला कौतुकाने सांगितलं, "मला इथं गेनला म्हणतात." ती घाबरून म्हणाली, "कोण गेला?" पण खरं सांगू, या 'ला'मुळेच मला तिथे करमलं. आम्ही वर्धेकडचे लोक कुठल्याही वाक्याला 'जी' लावतो : हो जी, नाही जी, का जी. तिबेटी माणूस तसाच 'ला' लावतो. गुरुजींना ला, आईला ला, आजीला ला. तिथे आजीला 'मोमो' म्हणतात आणि त्या प्रसिद्ध खाद्यपदार्थालाही मोमोच. त्यामुळे 'मोमोंनी मोमो केलेत' या वाक्याला कुणीच हसत नाही.

चहाचं प्रकरण मात्र नाजूक आहे. तो चहा लोण्याचा आणि मिठाचा. चहा समजून प्यायलात तर फसलात, सार समजून प्यायलात तर उत्तम. आपल्याकडे कप रिकामा केला की 'पुरे' असा अर्थ होतो. तिकडे कप रिकामा दिसला की 'अजून हवा' असा. त्यामुळे सभ्य मराठी माणूस पुरे पुरे म्हणत संपवत राहतो आणि सभ्य तिबेटी आजी भरत राहते. दोन संस्कृतींच्या या सभ्यतेत माझ्या पोटात पहिल्याच दिवशी पाच कप गेले.

वर्गात मागच्या बाकावर एक आजी येऊन बसायच्या. हातात फिरतं प्रार्थनाचक्र. नातीला सोडायला म्हणून यायच्या आणि बसून राहायच्या. लहानपणी वडिलांच्या पाठीवर बसून त्या हिमालय उतरल्या होत्या. चौथ्या दिवशी नातीने सांगितलं, "मोमो-लाला मराठी अक्षरं शिकायची आहेत. एस.टी.ची पाटी वाचता येत नाही."

मग तिबेटी वर्णमाला पाहणं आलं. परंपरा सांगते, की सातव्या शतकात थोन्मी संभोट नावाचे पंडित भारतात येऊन लिपीचं ज्ञान घेऊन गेले. त्यामुळे तिबेटी मुळाक्षरं ऐकताना आपलीच भावंडं भेटल्यासारखं वाटतं : क ख ग ङ, च छ ज ञ. आपल्याकडे 'ङ' हे अक्षर 'वाङ्मय' वगळता कुठे कामाला नाही. पगारपत्रकावर नाव आहे, पण काउंटरवर कधी दिसत नाही, असा कर्मचारी. तिबेटीत याच 'ङ'चा अर्थ 'मी'. आम्ही ज्याला बालवाडीत पाठ करून विसरून जातो, त्यावर तिथे माणूस स्वतःची ओळख करून देतो.

पण 'ग'नंतर एकदम 'ङ'. मधला 'घ' नाही! 'झ' नाही, 'ध' नाही, 'भ' नाही. म्हणजे आजींना आमच्याकडे येऊन धान लावायचं, भात खायचा आणि भंडाऱ्याला राहायचं. आणि अक्षर यातल्या एकाचंही नाही. नातवंडं हे सगळं खणखणीत म्हणतात. आजींच्या जिभेला मात्र वळण पडलेलं. मी फळ्यावर 'घ' काढला, शेजारी कौलारू चित्र काढलं आणि म्हटलं, "घर."

"गर," आजी म्हणाल्या.

"घ. घर."

"गर."

पोरं हसली. नात हसली नाही. ती म्हणाली, "गेन-ला, गर पण बरोबर आहे. आमच्यात गर म्हणजे छावणी."

मी फळा पुसला. आजींना पुन्हा 'घ' म्हणायला लावलं नाही. आपण 'म' घेतला. तो त्यांच्याकडे आहे.

पोरांना माझ्या गावाची फार उत्सुकता. गिरडला टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे आणि टेकडीभर सुपारी-नारळासारखे गोल दगड सापडतात. भूगर्भवाले त्याला झिओलाइट म्हणतात. आम्ही गिरडकर म्हणतो, दोन फिरस्त्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांच्या मालाचेच हे दगड झाले. पुढे त्यांनी माफी मागितली, बाबांनी झाडाच्या वाळक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. ही गोष्ट मी रंगवून सांगितली.

एका मुलाने विचारलं, "मग ते व्यापारी आपल्या गावाले वापस गेले का?"

"नाही. बाबांच्या सेवेत तिथेच राहिले. शेवटपर्यंत."

"त्यांच्याजवळ आर.सी. होती का जी?"

"तेव्हा नसायची."

"मग बरं होतं."

आर.सी. म्हणजे परदेशी नागरिकाच्या नोंदणीचं पुस्तक. मुदत संपली की नवी करून घ्यायची. हा मुलगा गोंदिया जिल्ह्यात जन्मलेला, बापही इथलाच. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पर्यंत भारतात जन्मलेल्याला कायदा जन्मानेच नागरिक मानतो. त्यानंतरच्याला तेवढ्याने मानत नाही. ज्यांना हक्क आहे त्यांतलेही काही जण तो घेत नाहीत. मी एका आजोबांना विचारलं, काहून? ते म्हणाले, "इथलं खातं उघडलं, की तिथलं बंद केल्यासारखं वाटतं."

ही भाषा मला समजते. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातली रक्कम आम्ही रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे पाठवतो. पण खातेदार किंवा त्याचा वारस नंतर कधीही कागदपत्रं घेऊन आला, तर ती परत द्यावी लागते. व्यवहार थांबतो, हक्क बुडत नाही. एवढंच त्या आजोबांना सांगितलं. त्यांनी माझा कप भरला.

वर्ग घेऊन घेऊन मी काय घेणार? माझी विद्या म्हणजे फॉर्म. शेवटच्या तीन दिवसांत मी मोठ्या मुलांना फॉर्म भरायला शिकवलं. आईबाप लुधियानाहून उधारीवर स्वेटर आणतात, हंगाम संपला की पैसे चुकते करतात, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मी बँकेत इतकी वर्षं काढली, पण अशी वसुली पाहिली नाही. तेव्हा या पोरांना हिशेब काय शिकवणार! फॉर्म मात्र शिकवता येतो : आडनाव आधी, तारीख चौकोनात, सही चौकटीच्या बाहेर नाही.

सगळे पत्त्यापर्यंत नीट आले. 'सध्याचा पत्ता' : मुक्काम गोठणगाव, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. त्याखाली 'कायमचा पत्ता'. आजींची नात पेन चावत थांबली. वर्ग गप्प झाला. मी काउंटरवर रोज सांगतो तेच सांगितलं, "दोन्ही एकच असेल तर 'वरीलप्रमाणे' लिहा."

तिने लिहिलं. मागच्या बाकावरून आजींनी विचारलं, काय लिहिलं? नातीने तिबेटीत सांगितलं. आजींनी दोनदा मान डोलावली, प्रार्थनाचक्र थांबवून बोट छताकडे दाखवलं आणि खुशीत काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, बरोबर लिहिलं. आपला कायमचा पत्ता वरच आहे. वर, डोंगरात."

"अन् तू काय म्हणून लिहिलं?"

तिने फॉर्मवरची आदली ओळ दाखवली. गोठणगाव.

मी हजारो फॉर्मांवर हा शब्द न वाचता शिक्का मारलेला आहे. हा मात्र दोनदा वाचला. आजींच्या अर्थानेही रकाना बरोबर भरला होता आणि नातीच्या अर्थानेही. कुठे खाडाखोड नव्हती. मी खाली सही केली : तपासले, बरोबर आहे.