बापाच्या बोली

आईबापाचे गुण लेकराला नावानिशी कळत नाहीत. धीर, इमान, माया हे शब्द पुढे पुस्तकात भेटतात. त्याआधी ते कुठल्यातरी कामात पाहिलेले असतात, आणि आठवणीत राहते ते कामच. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथसारख्या कापसाच्या मुलखात हे काम बहुतेक शेतातले. मृगाच्या पावसावर सरकी टोबावी आणि पुढे आभाळ कोरडे पडावे, असे एखादे वर्ष येतेच. कोंब जळतात, बियाणे पुन्हा विकत आणावे लागते. कर्जाचा आकडा लेकराच्या कानावर पडतो, पण त्याचे ओझे त्याला कळत नाही. त्याला एवढेच दिसते, की बाप सकाळी उठून आधी बैलांना पाणी दाखवतो, त्यांच्यापुढे कडबा टाकतो आणि मग चहाला बसतो, रोजच्यासारखा. दुबार पेरणीच्या वर्षी रोजच्यासारखे वागायला किती बळ लागते, हे स्वतःचा संसार सुरू झाल्यावरच उमगते.

मायची आठवण वेचणीची. कमरेला ओटी बांधून ती तासाला लागते. वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना ओरबाडतात, तरी हात थांबत नाही. पांढरा कापूस एकीकडे, किडकी कवडी दुसरीकडे. पाल्याचा चुरा चिकटला असेल तर तोही ती वेचता वेचता झटकते. दवाने भिजलेला कापूस वजनाला जड भरतो, हे तिलाही ठाऊक असते. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यावर बारा टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्यापुढे माल परत येतो. पण या नियमाचे कागद तिने वाचलेले नसतात. ती अंगणात कापूस पसरून वाळवते, कारण ओला माल दुसऱ्याच्या पदरात घालणे तिला पटत नाही. लेकरू त्या ढिगावर लोळते आणि बोलणी खाते. ती बोलणीही पुढे गोड लागतात.

बोथच्या बापाचा एक गुण मात्र मराठी मुलखाच्या ऐन मध्यात वाढलेल्यांना सहसा पाहायला मिळत नाही. तो एका दिवसात तीन-चार बोली बोलतो. घरात मराठी, बाजारात तेलुगू, बांधाशेजारच्या गोंड शेतकऱ्याशी थोडी गोंडी, आणि जुन्या दस्तांची गोष्ट निघाली की निजामाच्या अमदानीतले उर्दू शब्द. यामागे मोठा इतिहास आहे. हैदराबाद संस्थानात कचेरीची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके मुंबई राज्यात गेले. बोथ तालुका तर कापलाच गेला: त्यातले इस्लापूर सर्कल पलीकडे गेले, बोथ आंध्र प्रदेशात गेले आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आले. सोयरिकी जुन्याच राहिल्या. बहीण एका राज्यात, भाऊ दुसऱ्या. घरातली मराठी टिकली ती कुणाच्या हुकमाने नव्हे. चुलीजवळ आणि गोठ्यात ती रोज बोलली गेली, म्हणून टिकली.

बैलगाडीत मागे बसलेले लेकरू बापाची बोली बदलताना ऐकते. गोंड माणूस दिसला की बाप आधी ‘राम राम’ घालतो, तेलुगू वडीलधाऱ्याच्या नावापुढे ‘गारू’ लावतो. शब्द बदलतात, आदर बदलत नाही. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मार्लवाईला गोंड मुलांच्या शिक्षणाची योजना उभी केली, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. शेजाऱ्याची भाषा आपल्याच अक्षरांत वाचता येणे, हे इथल्या मराठी माणसाचे भाग्यच म्हणायचे.

मराठीत अशा आठवणींचा सर्वांत मोठा ठेवा ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी तो नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिला. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. कोकणातले पालगड आणि बोथची काळी माती यांत काहीच सारखे नाही, पण आठवण्याची रीत तीच. तिथेही गुण कामातूनच दिसतात: पाण्याला भिणाऱ्या मुलाला पोहायला धाडणे, शिवाशीव मोडून थकलेल्या म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला सांगणे, उमलण्याआधीच खुडलेल्या कळ्यांसाठी कळवळणे. त्या आईने स्वतःबद्दल एक ओळही लिहिली नाही. बोथच्या मायबापानेही लिहिलेली नाही. त्यांचे जे काही उरते, ते लेकरांच्याच जवळ.

लेकराच्या वाट्याला मानाचे काम येते ते पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, त्यांना हळद आणि लोणी चोळायचे, आणि वाटी लेकराने धरायची. जू घासून जिथे घट्टा पडलेला असतो, तिथे बापाचा हात हलका होतो. वर्षभर ज्या खांद्यावर ओढ टाकली, त्याच्यापुढे तो वाकलेला असतो. मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन तो उद्याच्या जेवणाचे आवतण देतो, अगदी हळू, मराठीत. तो आवाज बाजारातला नसतो, कचेरीतलाही नसतो. लेकराने तो याआधी एकदाच ऐकलेला असतो: स्वतःला ताप भरला होता आणि बाप रात्रभर उशाशी बसला होता, तेव्हा.