पहिलीच्या वर्गातलं ‘पंचवीस’

चळवळीत शिष्यवृत्तीवर बोललं जातं, आरक्षणावर बोललं जातं, विद्यापीठातल्या भेदभावावर तर बोललंच पाहिजे. पण इयत्ता पहिलीच्या गणितावर कोणी बोलत नाही. तो गुरुजींचा विषय म्हणून सोडून दिला जातो. बाबासाहेबांनी तो सोडला नव्हता. १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी हिशेबच मांडला. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरांत जमा होतात. आता मुलं हजेरीपटावर राहतात आणि वर्गात बसल्या बसल्या गळतात. ही गळती पहिलीच्या दिवाळीआधीच सुरू होते, असं आम्ही ठामपणे म्हणतो.

भंडारा जिल्ह्यात विहारात आम्ही संध्याकाळी मुलांना शिकवतो. तिथे येणाऱ्या एका मुलीची आजी बिड्या वळते आणि नात पंचवीस-पंचवीस मोजून कट्टे बांधायला मदत करते. (सहा वर्षांच्या पोरीने हे काम करावं, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ती करते.) एक बिडी कमी निघाली तर आजीचे पैसे कापले जातात, म्हणून तिची मोजणी चुकत नाही. शाळेत तिला ‘पंचवीस लिही’ म्हटलं. तिने ५२ लिहिलं. नोंदवहीत शेरा आला, ‘संख्याज्ञान नाही’, आणि ती कच्च्यांच्या रांगेत गेली.

तिने काय केलं ते नीट बघा. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतो, वीस नंतर. जसं ऐकलं तसं तिने लिहिलं. ‘एकोणतीस’ तर आणखी अवघड. अंक २ आणि ९, पण नावात ऐकू येतो तो तीस. म्हणून मुलं ३९ लिहितात. चूक मोजण्यात नाही, बोललेली संख्या अंकात उतरवण्यात आहे. ज्या घरात कोणी शेजारी बसून उजळणी घेतं, तिथे ही अडचण महिनाभरात मिटते. आमच्या वस्तीत ती वर्षभर राहते आणि तिला ‘बुद्धी कमी’ असं नाव पडतं.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली, अस्मिता धोक्यात आली. विधानसभेत थट्टा झाली. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की हे मुलांच्या सोयीसाठी आहे. तेलुगू, कन्नडमध्ये दशक आधीच बोलतात, त्यांची भाषा काही बुडाली नाही. तो बदल योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. पण त्या वादात बिडी कामगाराच्या पोरीला कोणीच विचारलं नाही.

आता मूल्यमापन. कागदावर सगळं आपल्या बाजूचं आहे. २०१० च्या शासन निर्णयाप्रमाणे पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाचा आणि ३० टक्के संकलित. तोंडी काम, प्रात्यक्षिक, कृती, रोजचं निरीक्षण हे सगळं त्यात धरलेलं आहे. म्हणजे त्या पोरीसमोर काड्या ठेवून विचारायची मुभाच नाही, तर ती अपेक्षाच आहे. प्रत्यक्षात एकाच गुरुजींकडे दोन-तीन वर्ग, वर ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. मग नोंदी शेवटच्या दिवशी एकसारख्या उतरतात. गुरुजींना शिव्या देऊन आपलं काम होत नाही.

आम्ही पाच मिनिटांत चार गोष्टी वेगवेगळ्या बघतो. चिंचोक्यांच्या ढिगातून तेरा काढून दे म्हटल्यावर मूल तेरावर थांबतं का? दहाचे गठ्ठे करून किती सुटे उरले ते सांगतं का? २५ लिहिलेली चिठ्ठी दाखवली तर तेवढे चिंचोके मांडतं का? आणि शेवटी, नुसतं ऐकून अंक लिहितं का? ती मुलगी फक्त चौथ्या ठिकाणी अडते. तिला शतकी पाठ करायला लावून उपयोग नाही. दोन गठ्ठे आणि पाच सुटे हातात घेऊन ‘वीस आणि पाच, पंचवीस’ असं म्हणत लिहायला लावलं पाहिजे. निपुण भारतमध्ये पहिलीसाठी ९९ पर्यंतच्या संख्या वाचण्या-लिहिण्याचं उद्दिष्ट आहे. त्याची टक्केवारी वर पाठवली जाते, पण मूल कुठे अडलं हे त्या टक्केवारीतून कळत नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध आणि हिशेब शिकवा, अशी मागणी केली होती. हिशेब न येणारा माणूस कसा लुटला जातो, हे त्यांनी पाहिलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात तेंदूपानं तोडतात. सत्तर पानांचं एक पुडकं आणि मजुरी शेकडा पुडक्यांवर. फळीवर पुडकी मोजणारा माणूस आपला नसतो.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा दिल्या आहेत. वस्तीतल्या बाया समितीत आहेत. सभेत चर्चा खिचडी आणि गणवेशावर होते, तीही हवी. पुढच्या सभेत त्या पहिलीची नोंदवही मागणार आहेत, आणि प्रत्येक ‘येत नाही’पुढे नेमकं काय येत नाही, ते विचारणार आहेत.