करकंबची रात्रपाळी

पाळी म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांना सांगावे लागत नाही. गिरणीच्या भोंग्यावर इथल्या किती घरांचे दिवस गेले! झाडाफुलांच्या जगातही अशाच दोन पाळ्या चालतात. पंढरपूर तालुक्यातील करकंब गावी आम्ही काही मित्र फेब्रुवारीच्या अखेरीस गेलो, तेव्हा त्या पाहायला मिळाल्या.

उजनीचे पाणी आल्यापासून या तालुक्यात ऊस वाढला. तरी बांधावर, ओढ्याकाठी पळस, पांगारा, काटेसावर अजून तग धरून आहेत. या दिवसांत त्यांच्यावर पान नसते, नुसती लाल-केशरी फुले. झाडाला जागचे हलता येत नाही आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर पोचल्याशिवाय बी नीट धरत नाही. म्हणून झाड गोड रसाची मजुरी देऊन पाखरांना कामाला लावते. पाखरांना लाल रंग लांबून दिसतो. वासाची त्यांना फारशी गरज नसते.

सकाळी सावरीवर साळुंक्या आणि कावळ्यांचा गलका होता. मात्र फुलावर बसणारा प्रत्येक जण काम करतोच असे नाही. पळसाचा अभ्यास दिल्लीच्या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केला. फुलांवर सात जातींचे पक्षी येत होते. पण त्यांपैकी पराग पोचवण्याचे खरे काम करत होता एकच, अंगठ्याएवढा जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला होती खार.

दिवस मावळला की दुसरी पाळी सुरू होते. त्याच सावरीवर वटवाघळे येतात. रस पिताना त्यांच्या तोंडाला, छातीला पराग माखतात आणि पुढच्या झाडावर पोचतात. विदर्भातल्या आदिवासी घरांना उन्हाळ्यात आधार देणाऱ्या मोहाचे परागीकरणही वटवाघळे करतात. रात्रीत लांबचा पल्ला मारत असल्यामुळे दूरदूरच्या झाडांचा संबंध तीच जोडतात.

आणि या कामगाराला आपण काय म्हणतो? अपशकुनी, आंधळे! फळे खाणारी वटवाघळे आंधळी नसतात. डोळ्यांनी आणि नाकाने ती झाड बरोबर शोधतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यानेही त्यांना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी ठरवले होते. ती यादी 2022 च्या दुरुस्तीने गेली. पण माणसाच्या मनातली यादी कोण खोडणार?

बागाईतदाराची तक्रार खोटी नाही. पेरू-चिकूचे नुकसान होते. त्याला जाळी हा उपाय आहे. वटवाघळांनी कुरतडलेले फळ मुलांनी खाऊ नये, त्यातून निपाहसारख्या आजाराचा धोका असतो. मात्र भीतीपोटी त्यांना मारणे किंवा त्यांचा वड तोडणे शहाणपणाचे नाही. मोठ्या वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. एकदा वस्ती उठली की ती भरून यायला वर्षे लागतात.

बंधू-भगिनींनो, येत्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मुलांना एखाद्या सावरीखाली न्या. एकदा सकाळी आणि एकदा दिवेलागणीनंतर. अपशकुनाची गोष्ट घरात कोणी काढलीच, तर उत्तर मुलेच देतील.