आईचं पासबुक

आज दुपारी आईचं पासबुक भरून आणलं. चष्मा लावून ती एकेका ओळीवर बोट फिरवत होती. "हे एकशे सत्त्याहत्तर कसले गं?" किमान शिल्लक नव्हती म्हणून दीडशे रुपये दंड, वर अठरा टक्के जीएसटी. खाली एसएमएसचे पैसे, मग डेबिट कार्डाची वर्षाची फी. ते कार्ड तर अजून कपाटात, पाकीटही न फोडलेलं.

मला फार लागलं ते. ज्याच्या खात्यात पैसे कमी, त्याच्याचकडून कापायचे, हा कुठला न्याय?

खरं तर साधं बचत खातं, बँकेच्या भाषेत बीएसबीडी, प्रत्येक बँकेत मिळतं. त्याला किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्डही फुकट. महिन्यातून चारदा पैसे काढता येतात. आईला तेवढं पुष्कळ. काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. स्टेट बँकेने तर 2020 मध्येच सगळ्या बचत खात्यांची किमान शिल्लकेची अट काढून टाकली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, पतपेढीत टाका, व्याज जास्त मिळतं. नको. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतपेढीला तो नाही. आईची पेन्शन तिथे ठेवायला मन धजत नाही.

सोमवारी शाखेत आईचं खातं बीएसबीडी करून द्या, असा लेखी अर्ज देणार आहे. तुमच्याही घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पासबुकं एकदा भरून आणा, आणि शेजारी बसून ओळन् ओळ वाचा.